एका मार्काचा ग्रेस आणि पाऊण माप

माझ्या धंद्यात विद्यार्थी नापास झाला की प्रश्नपत्रिका दुरुस्त करतात. हे वाचून शिक्षण खात्यातल्या कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं असेल तर आधीच सांगते, हा धंदा शाळेचा नाही, कॉम्प्युटरचा आहे. नोकरी सोडून आता मी घरी बसले आहे आणि येणारे-जाणारे विचारतात, "तुम्ही नक्की काय करायचात हो?" माझ्या सासरी, कन्हेरीला, सासूबाईंनी शेवटपर्यंत शेजारणींना "सूनबाई टायपिंगला जाते" असंच सांगितलं. मीही ते खोडून काढलं नाही. खरं सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, ही काहीतरी लपवतेय.

तर एकदाचं सांगून टाकते. माणूस प्रोग्राम लिहितो तो माणसाला कळेल अशा भाषेत. मशीनला ती कळत नाही, म्हणून मधे एक दुभाषा लागतो. त्याला कंपायलर म्हणतात. हा दुभाषाही एक प्रोग्रामच. तो बरोबर सांगतो की पदरचं घुसडतो हे बघायला ढिगाने छोट्या चाचण्या असतात. चाचणी म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेलं एक गणित. दुभाष्यामार्फत ते मशीनला घालायचं आणि उत्तर जुळतंय का बघायचं. नाही जुळलं, तर दोष कधी दुभाष्याचा, कधी मशीनचा आणि कधी चाचणी लिहिणाऱ्या शहाण्याचा असतो. कुणाचा ते शोधायचं आणि चाचणीच चुकीची असेल तर ती नीट करायची, हे माझं काम. या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही.

हे काम मी नव्वदच्या दशकात बारामती एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलं. शेडच्या एका अंगाला दुधाचे टँकर धुवायचे आणि दुसऱ्या अंगाला पशुखाद्याचा कारखाना होता. वारा जसा असेल तसा आंबलेल्या दुधाचा किंवा मळीचा वास यायचा आणि त्या वासात आम्ही अमेरिकेची सेवा करायचो. दारावर 'इंटरनॅशनल सॉफ्टवेअर' अशी पाटी होती. तिच्या रंगाखालून 'येथे मराठी व इंग्रजी टायपिंग करून मिळेल' हे अजून वाचता यायचं, त्यामुळे सासूबाई अगदीच खोटं बोलत होत्या असं म्हणता येणार नाही.

कंपनीचे मालक जगदाळे सर. हयातभर गणित शिकवून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा पुतण्या विक्रम अमेरिकेत कंपायलर बनवणाऱ्या कंपनीत होता आणि काकांना उतारवयात विरंगुळा म्हणून त्याने चाचण्यांचं काम मिळवून दिलं होतं. सरांनी शेड शाळेसारखी चालवली. सकाळी हजेरी, मधल्या सुट्टीत डबे आणि चूक सापडली की उभं राहून उत्तर द्यायचं. माझं बी.एस्सी. गणितात झालेलं, म्हणून मी मॉनिटर.

एक दिवस विक्रमकडून फ्लॉप्यांचं खोकं आलं आणि सोबत फर्मान. कंपायलर नव्या चिपवर नेला आहे, जुन्या मशीनवर पास होणाऱ्या चाचण्या इथे ओळीने नापास होताहेत. 'कंपायलर बरोबर आहे. चाचण्या दुरुस्त करा.' काही बघायच्या आधीच निकाल देणारी माणसं मला फार आवडतात. आपला विचार करायचा त्रास वाचतो.

पहिलीच नापास चाचणी मी सरांना दाखवली. शून्य दशांश सात गुणिले दहा, आणि आलेल्या उत्तराचा पूर्णांक करा. पूर्णांक करताना दशांशानंतरचं सगळं तोडून टाकायचं असतं, असा त्या भाषेचा नियम. उत्तर हवं सात. मशीन म्हणत होतं सहा.

"सात दाहे सत्तर येतात ना याला?" सरांनी विचारलं.

"येत असावेत, सर."

"मग सहा कुठून काढले? माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता."

मी म्हटलं, पूर्णांक करायच्या आधी आतला आकडा काय आहे तो पडद्यावर छापून बघू. छापायची ओळ घातली. चाचणी पास. सात आले. ओळ काढली, पुन्हा सहा. घातली, सात. मी डोक्याला हात लावून बसले आणि सर मात्र खुलले. म्हणाले, "अगं, तपासणीला साहेब आले की आमची शाळा अशीच व्हायची. साहेब वर्गात असेपर्यंत सगळ्या पोरांना सगळं यायचं."

सरांनी गंमत म्हणून सांगितलं, पण बरंचसं खरं निघालं. त्या चिपच्या पोटात आकड्यांसाठी जागा मोठी होती आणि बाहेर मेमरीच्या कप्प्यात जागा लहान. दशांश सात हा आकडा मशीनला नेमका मांडताच येत नाही, तो दशांश सातच्या किंचित अलीकडे बसतो. त्याला दहाने गुणलं की पोटात सहा पूर्णांक नऊ नऊ नऊ असं लांबलचक शेपूट तयार होतं. ते मेमरीच्या कप्प्यात ठेवायला गेलं की शेपूट मावत नाही, आकडा जवळच्या सातवर सरकतो आणि सगळे खूश. पण जलद चालवायचा पर्याय दिला की दुभाषा वेळ वाचवायला आकडा कप्प्यात ठेवतच नाही. पोटातल्या पोटात शेपूट तोडतो आणि सहा हातात देतो. छापायची ओळ घातली की आकड्याला कप्प्यात यावंच लागतं, म्हणून साहेबांपुढे सात. मशीन चुकत होतं ते गरजेपेक्षा जास्त बरोबर असल्यामुळे. याला आम्ही जादा अचूकता म्हणायला लागलो. अशी माणसं मी आयुष्यात बरीच पाहिली, पण चिप पहिलीच.

म्हणजे यावेळी विक्रम बरोबर होता, दोष चाचण्यांचाच होता. त्यांना विचारायचं होतं 'तुला अपूर्णांक तोडता येतो का', आणि विचारताना त्यांनी असे आकडे घेतले होते की जे मशीनला धड मांडताच येत नाहीत. उपायही सापडला, आणि त्यात सरांचा वाटा होता हे मी कबूल करते. मशीन सगळं दोनाच्या हिशेबात मोजतं. अर्धा, अर्ध्याचा अर्धा पाव, पाव आणि अर्धा मिळून पाऊण, हे आकडे ते तंतोतंत मांडतं, एक कणही इकडेतिकडे होत नाही. हे सांगितल्यावर सर खुर्चीतून उठले. "म्हणजे याला दशांश येत नाहीत, पण पावकी, निमकी, पाऊणकी पाठ आहे?"

"हो सर. सव्वा आणि दीडसुद्धा."

"पोरगं जुन्या वळणाचं आहे," सर म्हणाले आणि त्या दिवशी सगळ्यांना त्यांच्या खर्चाने चहा मिळाला.

मग मी एकेक चाचणी घेऊन बसले. हिला मुळात काय विचारायचं होतं ते समजून घ्यायचं आणि तोच प्रश्न पाव-पाऊणच्या आकड्यांत पुन्हा मांडायचा. काम किचकट होतं, सावकाश चाललं होतं आणि मला मनापासून आवडत होतं. तेवढ्यात विक्रमचा फोन आला. मुदत जवळ आली आहे, नापास एकही दिसता कामा नये, नाहीतर काम दुसऱ्या शहरात जाईल. काम गेलं तर शेड बंद होणार हे सांगायला कुणी लागत नव्हतं. सरांनी आम्हाला गोळा केलं.

"सुमन, बोर्डाच्या परीक्षेत एका मार्काने पोरगं राहत असेल तर काय करतात?"

"ग्रेस देतात, सर."

"मग आपण का देत नाही?"

सगळ्या चाचण्या उत्तर जुळवायला एकाच ठिकाणी जायच्या. तिथे सरांनी एक ओळ घालायला लावली. अपेक्षित उत्तर आणि आलेलं उत्तर यांत एक किंवा त्याहून कमी फरक असेल तर पास. साताऐवजी सहा आले, पास. आठ आले, तेही पास. सगळा निकाल संध्याकाळपर्यंत शंभर टक्के लागला. हेडमास्तर असताना सरांच्या शाळेला जे कधी जमलं नव्हतं ते अमेरिकेच्या खर्चाने जमलं, आणि सरांनी पेढे आणले.

मी पेढा हातात धरून म्हटलं, "सर, पूर्णांकात एकाचा फरक लहान कसा म्हणायचा? त्याहून लहान फरक पूर्णांकात असतच नाही."

"पण मोठे कितीतरी असतात," सर म्हणाले. "आपण लहानातला लहान सोडतोय. खा तो पेढा."

मी पेढा खाल्ला.

आता पशुखाद्यवाल्या पोपटरावांना आत आणायला हवं. त्यांच्या आणि आमच्या शेडमध्ये एकच पत्र्याची भिंत होती. त्यांचं मिक्सर सुरू झालं की आमच्या टेबलावरच्या बशा वाजायच्या. पोपटरावांना नव्या यंत्रांचा भारी सोस. त्यांनी पेंड मिसळायचं असं मशीन बसवलं होतं की कॉम्प्युटर हिशेब करणार आणि मका, सरकी, मीठ, युरिया यांची मापं पेट्यांतून आपोआप पडणार. पोरं पोत्याला पोतं लावून मोजायची, ते बंद. प्रोग्राम त्यांच्या मेहुण्याने लिहिला होता. तो लिहायला कंपायलर हवा होता आणि आमच्याकडे होता. सरांनी शेजारधर्म म्हणून विक्रमची नवी, अजून तपासणी चालू असलेली प्रत त्यांना देऊन टाकली. लोक शेजाऱ्याला विरजण देतात, आम्ही कंपायलर दिला.

मशीन सुरू व्हायच्या आधी पोपटराव भिंतीपलीकडून आले होते. "ताई, तुमच्या वळखीत वासरं असल्याली कोण हायती का? वासरांची पेंड काढतोय. पयली पोती चांगल्या घरात जावीत."

मी कौतुकाने आमच्या तात्यांचं नाव सांगितलं होतं. तात्या म्हणजे माझे वडील, इंदापूर तालुक्यात कळसला राहायचे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तात्यांनी ती विकून थोडी शेती आणि दोन संकरित गाई केल्या होत्या. कळपातल्या मेंढराला त्यांनी कधी नाव ठेवलं नव्हतं, पण घरच्या गाईला पहिली कालवड झाली तेव्हा मला निरोप पाठवला की येऊन नाव ठेव. पांढुरकी होती, मी चांदी ठेवलं. तात्या तिला बाजेच्या पायाला बांधून शेजारी झोपायचे आणि आई म्हणायची, माणसाची लेकरं कधी अशी घेतली न्हाईत ह्यांनी.

तर पेढे खाऊन झाल्यावर मी एक आगाऊपणा केला. मी स्वतः पाव-पाऊणमध्ये मांडलेल्या चाचण्यांना ग्रेसची गरज नव्हती. त्यांच्यापुरती मी ती ओळ उठवली आणि पुन्हा परीक्षा घेतली. एक सोडून सगळ्या पास. राहिलेली चाचणी साधी होती. पावणेचारचा पूर्णांक करा. अपूर्णांक तोडला की तीन. मशीन म्हणत होतं चार.

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. या चिपला तिच्या मनाने सोडलं तर ती अपूर्णांक तोडत नाही, जवळच्या पूर्णांकावर सरकते. पावणेचारचे चार करते. तोडायचं असेल तर दुभाष्याने तिला आधी तसं बजावावं लागतं. जलद पर्यायात, एकच काम फिरून फिरून करायचं असलं की आमचा दुभाषा हे बजावायला विसरत होता. इथे शेपूट नव्हतं, नऊ नव्हते. दुभाषा खरोखर चुकत होता, आणि सरांच्या ग्रेसने तो बेमालूम पास झाला होता.

मी सरांकडे गेले. सरांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जादा अचूकता." तो महिनाभर आमच्याकडे कशालाही हेच उत्तर होतं. चहा गार आला की जादा अचूकता, एस.टी. चुकली की जादा अचूकता.

"सर, पावणेचारात जादा काय असणार? तुम्हीच म्हणालात, याची पाऊणकी पाठ आहे."

सरांनी पडद्यावरचे चार पुन्हा वाचले. गणिताचा माणूस, त्यांना कळलं होतं. मग हळूच म्हणाले, "डिलिव्हरी होऊ दे सुमन. मग बघू. पोरांचे पगार आहेत." त्यात पोरं म्हणजे आम्हीच होतो, त्यामुळे मला रागही धड येईना.

तेवढ्यात भिंतीपलीकडे मिक्सर सुरू झालं आणि बशा वाजायला लागल्या. मला एकदम आठवलं की हाच दुभाषा पलीकडेही बसलाय आणि पेटीमागून पेटी तोच हिशेब फिरून फिरून चाललाय. मी तशीच उठून पोपटरावांकडे गेले.

पोपटराव हौसेने मशीन दाखवायला लागले. मी विचारलं, "पोपटराव, हिशेबात अपूर्ण माप आलं तर मशीन काय करतं?"

"अर्धं माप पडतच न्हाय, ताई. पडलं तर आख्खं. म्हनून मेव्हण्यानं वरचं तोडून टाकलंय. सव्वाचार आलं तर चार पडत्यात."

"आणि वासरांच्या पेंडीचं?"

इथे पोपटरावांचा चेहरा अभिमानाने फुलला. गाई-म्हशींच्या पेंडीत थोडा युरिया घालतात. मोठं रवंथ करणारं जनावर तो पचवतं. कोवळ्या वासराला तो विष. शहाण्या माणसाने वासरांसाठी वेगळा हिशेब मांडला असता. पोपटरावांनी आणि मेहुण्याने विचार केला, वासरू म्हणजे काय, लहान गाय. मग गाईचाच हिशेब ठेवायचा आणि एका वेळी मिसळायचा घाणा लहान लावायचा.

"ल्हान घाण्याला युरिया येतोय पाऊण माप," पोपटराव म्हणाले. "पाऊण तोडलं की शून्य. म्हंजी युरिया पडतच न्हाय. एका हिशेबात दोन्ही पेंडी. डोकं लागतंय त्याला."

मी म्हटलं, "आत्ता लहान घाणा लावा. मका-सरकी राहू द्या. युरियाची पेटी तेवढी बघू."

त्यांनी हसत हसत आकडे टाकले. आम्ही दोघं युरियाच्या पेटीखाली उभं राहिलो. झडप उघडली, पांढरं माप सरळ खाली पडलं आणि झडप मिटली. एक. अख्खं एक.

पोपटराव त्या पांढऱ्या ढिगाकडे बघत राहिले. "ह्ये आजच करतंय का?"

"पहिल्या दिवसापासून करत असणार. मशीन बंद करा. वासरांची पोती कुणाकुणाला गेली?"

"बाकीची हितंच हायती, थप्पीला. सकाळी एकाच घरी धाडली टेम्पोनं." ते थांबले. "तात्यांकडं, ताई. तुमचं नाव म्हनून. हळदीकुकू लावून धाडली."

कळसला आमच्याकडे फोन नव्हता. पोपटरावांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, मी इंदापूरकडून निघतो, तुम्ही पोचाल तर भरपूर थंड पाणी आणि व्हिनेगर पाजा. व्हिनेगर बारामतीत कोण ठेवतं? भिगवण रोडला चायनीजची एक गाडी लागायची, तिचा मालक दुपारचा कोबी चिरत बसला होता. पोपटरावांनी "समद्या बाटल्या दे" म्हटल्यावर तो म्हणाला, "कार्यक्रम हाय का? किती प्लेटी?" आम्ही उत्तर न देता बाटल्या उचलल्या. पोपटरावांनी जीप सुसाट हाणली. मला वाटेत एकच आशा होती, तात्या नवी पेंड आधी गाईंना घालतील.

तात्यांनी ती आधी चांदीलाच घातली होती. लेकीच्या शेजाऱ्याने हळदीकुंकू लावून पाठवलेली पेंड म्हटल्यावर घरातल्या लाडकीचाच पहिला मान. तिचं खाऊन उरलेलं दुसऱ्या गाईच्या वासराने चाटलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ते वासरू थरथरत, तोंडाला फेस घेऊन का होईना, उभं होतं. चांदी आडवी होती आणि तिचं डोकं तात्यांच्या मांडीवर होतं. पोट टरारून फुगलं होतं. आम्ही दोन्ही वासरांना पाजलं. चांदीच्या तोंडातून ते तसंच बाहेर आलं, तिला गिळताच येत नव्हतं. डॉक्टर आले तोवर ती गेली. दुसरं वासरू डॉक्टरांनी तगवलं, संध्याकाळी त्याने कान हलवले.

पोपटरावांनी डोक्यावरची टोपी काढली. "तात्या, माज्या पेंडीनं झालं ह्ये. माजं मशीन चुकलं."

"मशीनला काय कळतंय," तात्या म्हणाले. त्यांनी चांदीचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रडत होते. बाप म्हणून त्यांना जे सुचलं ते बोलले. "सुमे, रडू नगं. दुसरं वाचलं न्हवं का. एकच गेलं. एकाचं काय येवढं."

आयुष्यभर कळप राखलेल्या माणसाला असं म्हणायची सवय असणार. पण ते म्हणताना त्यांचा हात चांदीच्या कानामागे तसाच फिरत होता. आणि मला पडद्यावरची ती ओळ दिसत होती, फरक एक किंवा कमी, तर पास. इतका राग मला आयुष्यात पुन्हा आला नाही. तात्यांवर नाही, पोपटरावांवरही नाही. पेढे वाटून माफ केलेल्या त्या एकावर.

दुसऱ्या दिवशी हजेरी व्हायच्या आत मी सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं समजूत घालतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "नाव काय होतं?"

"चांदी."

ते उठून माझ्या मशीनपाशी आले. "ती ओळ कुठाय?" मी दाखवली. सरांना टायपिंग धड येत नव्हतं. एका बोटाने त्यांनी एकेक अक्षर खोडलं. मग आम्ही परीक्षा घेतली आणि सगळे नापास ओळीने परत आले. सर उभे राहून ते शेवटपर्यंत बघत होते.

"विक्रमला फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, निकाल राखून ठेवलाय."

विक्रम फोनवर काकांशी ज्या भाषेत बोलला ती पत्र्याच्या भिंतीलाही ऐकू गेली. पण मी पाठवलेली पावणेचारची चाचणी त्याच्या वरच्या साहेबांनी पाहिली आणि वारा फिरला. दुभाष्यात खरी चूक आहे, ती आपण जगभर विकायच्या आधी सापडली, याचा त्यांना फार आनंद झाला. चूक दुरुस्त करायला तिकडे एक ओळ लागली. सापडल्याबद्दल विक्रमला बढती मिळाली. बारामतीत सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि वक्त्यांनी त्यांच्या अचूकतेच्या आग्रहाचं कौतुक केलं. सर माझ्याकडे बघत नव्हते. मला राहिलेल्या चाचण्या मिळाल्या. त्या मी एकेक करून पाव-पाऊणमध्ये मांडल्या, मुदत वाढवून घेऊन. काम बारामतीतच राहिलं आणि मीही.

पोपटरावांनी नवी दुरुस्त प्रत घेतली नाही. त्यांनी वासरांच्या पेंडीचा हिशेब मशीनकडून काढून घेतला. युरियाच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला अडकवली, ती मला मुद्दाम दाखवायचे. तात्यांकडे त्यांनी एक कालवड आणून बांधली. तात्यांनी ती सांभाळली, वाढवली, पण मला नाव ठेवायला बोलावलं नाही. तिला ते नुसतं "ये" म्हणायचे.

त्यानंतर माझ्याकडून नाव ठेवायचं काम एकदाच झालं, तेही ऑफिसात. विक्रमच्या कंपनीत चाचण्यांना आकडे असायचे. घाण्याच्या हिशेबासारखी एक नवी चाचणी मी लिहिली. पाऊण द्यायचं, फिरून फिरून तोडायला लावायचं आणि शून्य मागायचं. तिला आकडा न देता मी नाव दिलं, चांदी. विक्रमने विचारलं, हे कशाचं लघुरूप आहे? मी कळवलं, कशाचंही नाही, असंच राहू दे. काय वाटलं कोण जाणे, त्याने राहू दिलं.

तात्या आता नाहीत, सरही नाहीत, आणि शेडमध्ये कुणीतरी प्लॅस्टिकची क्रेट बनवतं. मी नोकरी सोडायच्या आधी शेवटचं पाहिलं तेव्हा ती चाचणी तिथेच होती. त्या कंपायलरची नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आधी कुठल्यातरी देशात कुणीतरी तिला पाऊण माप देतं आणि तिच्याकडे शून्य मागतं. नाव वाचून त्यांना काय वाटत असेल ते असो. चांदी पास होते, ग्रेस न घेता.